गाळाची माती भारीच असते असं नाही, आधी तो गाळ कुठला ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कांदिवलीत सोसायटीच्या गच्चीवर भाजीचे वाफे करायचेत आणि नर्सरीवाला म्हणतोय की नदीकाठची गाळाची माती घ्या, याच्यासारखी सुपीक माती जगात नाही. दुसरीकडे गावी, माण तालुक्यात, दोन एकर मुरमाड जमीन आहे, तिथे जवळच्या तलावातला गाळ फुकट मिळतोय. तर दोन्हीकडे गाळ टाकायचा का, आणि मुळात गाळाच्या मातीचं एवढं कौतुक का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. गावी टाका, पण मोजून मापून. गच्चीवर टाकू नका. माझं काम मातीचंच आहे, शेतकऱ्यांच्या जमिनी बघणं, रिपोर्ट वाचून सल्ला देणं आणि इकडे मुंबईत बागवाल्यांना माती निवडून देणं, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात सारखा येतो आणि दर वेळी अर्धवट उत्तर दिलं की लोक भलतंच करून बसतात, म्हणून जरा लांबण लावतो.

नदी माती "तयार" करत नाही, ती माती वाहून आणते आणि वेगळी वेगळी करून ठेवते. ही वेगळी करण्याची भानगड समजली की बाकी सगळं आपोआप समजतं. पाण्याला वेग असेल तोवर सगळं एकत्र वाहतं, गोटे, रेती, पोयटा (रेतीहून बारीक, चिकणमातीहून जाड कण), चिकणमाती. वेग कमी झाला की आधी जड कण बसतात, मग हलके. किती फरक पडतो बघा, ०.१ मिलीमीटरचा बारीक रेतीचा कण शांत पाण्यात एक मीटर खाली जायला दोनेक मिनिटं घेतो, ०.०१ मिलीमीटरचा पोयट्याचा कण तीन तास घेतो आणि ०.००२ मिलीमीटरचा चिकणमातीचा कण तीन दिवसांपेक्षा जास्त. कण दहापट बारीक झाला की बसायला शंभरपट वेळ लागतो. म्हणजे पूर आला, पाणी काठाबाहेर पडलं, की काठाला लागूनच त्याचा वेग मोडतो आणि रेती-पोयटा तिथेच बसतो. त्यातून काठावर जरा उंच पट्टा तयार होतो, निचऱ्याची जमीन, भाजीपाल्याला, फळबागेला एक नंबर. तिथून आत सखल भागात पाणी साचून राहतं, दिवसेंदिवस हलत नाही, तिथे चिकणमाती बसते. ती भाताला चालेल, पण वांगी-टोमॅटो लावले तर मुळं कुजतील. एकाच नदीची, एकाच पुराची माती, दोन शेतांमध्ये चार-पाचशे मीटरचं अंतर आणि दोन्हीचा स्वभाव पूर्ण वेगळा. कृष्णाकाठच्या वांग्यांचं नाव आहे ते काठाच्या मळीच्या, म्हणजे पुराने गाळ टाकलेल्या, रानामुळे, कृष्णेच्या खोऱ्यातल्या कुठल्याही ढेकळामुळे नाही.

म्हणून नर्सरीवाला नुसतं "गाळाची माती" म्हणतो तेव्हा त्याने काहीच सांगितलेलं नसतं.

आता सुपीक का, त्यावर येतो. लोकांना वाटतं गाळात खत ठासून भरलेलं असतं. तसं नाहीये हो. गंगेच्या मैदानातली माती तपासली तर पोटॅश चांगलं, चुना चांगला, पण नत्र कमी आणि सेंद्रिय कर्बही बेताचाच, तिथले शेतकरी युरियाशिवाय गहू काढत नाहीत. मग फायदा कसला? एक तर खोली. मुळाला खाली कितीही जायला मोकळीक, मध्ये खडक नाही, मुरूम नाही. दुसरं म्हणजे कणांचं मिश्रण, पोयट्यामुळे पाणी धरलंही जातं आणि पिकाला सोडलंही जातं, नुसती रेती पाणी धरत नाही आणि नुसती चिकणमाती धरलेलं पाणी सहजी सोडत नाही. तिसरं, जमीन सपाट आणि भूजल जवळ. आणि चौथं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे ताजेपणा. डोंगरात खडक फुटतो, त्याचं पीठ होतं, त्यातली खनिजं अजून पूर्ण धुपून गेलेली नसतात, अशी कच्ची खनिजं नदी खाली आणून टाकते आणि ती पुढे वर्षानुवर्षं हळूहळू झिजत पिकाला पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम देत राहतात. हिमालयातून अभ्रक आणि फेल्डस्पार ही पोटॅश असलेली खनिजं येतात म्हणून तिकडे पोटॅश. पुराने दर वर्षी नवीन थर दिला तर हे चक्र चालू राहतं, पूर यायचा थांबला की माती म्हातारी व्हायला लागते. गंगेच्या मैदानात यासाठी दोन वेगळी नावंच आहेत, पुराचं पाणी जिथे अजून पोचतं ती नवी माती खादर आणि उंचावरची जुनी माती बांगर, बांगरात चुन्याचे खडे म्हणजे कंकर सापडतात, खादरमध्ये ते फारसे नसतात.

नाईलचं उदाहरण शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण त्यातली खरी गंमत कोणी सांगत नाही. इजिप्तमध्ये येणारा बहुतेक गाळ इथिओपियाच्या पठारावरून, निळ्या नाईलमधून आणि अटबरा नदीतून यायचा, आणि ते पठार म्हणजे लाव्हाचा काळा बेसॉल्ट, अगदी आपल्या सह्याद्रीसारखा, फक्त वयाने लहान, तो साधारण ३ कोटी वर्षांचा आणि आपला साडेसहा कोटींचा. म्हणजे इजिप्तच्या शेतीमागे जो खडक उभा आहे त्याच जातीच्या खडकावर आपण बसलोय. १९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं, गाळ धरणाच्या मागे अडकायला लागला आणि हजारो वर्षं पुराच्या गाळावर चाललेल्या शेतीला रासायनिक खतावर जावं लागलं, शिवाय नवीन गाळ येईना म्हणून समुद्र नाईलच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा खायला लागला.

मग आपल्याकडे तसलं मैदान का नाही? आहे की, पण घाटाच्या पलीकडे. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगवते, अरबी समुद्र तिथून जेमतेम ८० किलोमीटर, पण बाई उलट्या दिशेने निघते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. नाशिक-मराठवाड्यातला बेसॉल्ट झिजून गेलेली काळी माती आंध्रात राजमहेंद्रीच्या खालच्या त्रिभुज प्रदेशात भात पिकवतेय. आपण इथे पाण्यावरून भांडतो, मातीचा हिशोब कोणी मागत नाही.

इथे एक गैरसमज मात्र काढायला हवा. महाराष्ट्रातली काळी माती म्हणजे गाळाची माती असं बरेच जण धरून चालतात. सगळी नाही. पठारावरची, उतारावरची काळी माती जागच्या जागी बेसॉल्ट कुजून झालीय, खाली फूट-दोन फुटांवर मुरूम लागतो. नद्यांच्या खोऱ्यात जी खोल काळी जमीन आहे तिच्यात मात्र आजूबाजूच्या उतारांवरून वाहून आलेला वाटा मोठा आहे. आणि खराखुरा जाड गाळ बघायचा तर तापी-पूर्णेचं खोरं बघा. तिथे बोअर मारताना शेकडो फूट नुसती माती, रेती, माती, रेती असे थर लागत जातात. जळगावची केळी त्याच तापीच्या गाळावर उभी आहे. पण त्याच पट्ट्यात पुढे अकोला, अमरावती, बुलढाण्याकडे पूर्णेच्या गाळात जमिनीखालचं पाणी खारं, आपण ज्याला खारपाणपट्टा म्हणतो तो. वर काळीभोर जमीन आणि खाली विहिरीचं पाणी पिकाला देण्यासारखं नाही. गाळ आहे म्हणजे सुपीकच असं म्हणणाऱ्याला मी हे उदाहरण देतो. सांगली-कोल्हापूरकडे वेगळाच प्रकार, तिथे गाळ उत्तम होता पण उसाला पाणी देऊन देऊन निचरा बिघडवला आणि नदीकाठची कितीतरी जमीन क्षारपड झाली, ते नदीचं पाप नाही, आपलं आहे.

आता घाटाच्या अलीकडे, आपल्या बाजूला. सह्याद्रीवरून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या, त्यांना गाळ पसरायला जागाच मिळत नाही, डोंगर संपला की खाडी आली. जी काही सपाटी आहे ती उल्हास, वैतरणा यांच्या काठाला. २०१९ च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि आतल्या लोकांना बोटीतून काढावं लागलं ते आठवत असेल. तो उल्हासचा पूर, आणि रूळ जिथे आहेत ती जागा नदीने स्वतःच गाळ टाकून सपाट केलेली आहे, नदीला कधीमधी ती जागा लागणारच. त्या पट्ट्यातली भातशेती आणि तिकडे वसईच्या वाड्या, केळी, पानवेली, फुलं, ही आपल्या जवळची गाळाच्या-रेताड मातीची उदाहरणं, पण तिथेसुद्धा आता वाडीपेक्षा टॉवर जास्त.

आणि मुंबईच्या आतल्या नद्या? मिठी, दहिसर, पोयसर, ओशिवरा. तुमच्या कांदिवलीतूनच पोयसर वाहते, लोक तिला नाला म्हणतात आणि नाल्यासारखीच वागवतात. या सगळ्या नॅशनल पार्कच्या डोंगरांच्या बाजूने येतात, वरच्या टप्प्यातला गाळ चांगला असायला हरकत नव्हती, पण पुढे वस्ती, वर्कशॉप, धुलाईचे कारखाने, भंगारवाले, सांडपाणी हे सगळं मिसळत जातं. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो म्हणून ती पोटॅश-कॅल्शियम धरून ठेवते, ही तिची खुबी, पण त्याच खुबीमुळे ती शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त हेही घट्ट धरून ठेवते. म्हणजे प्रदूषित नदीत सगळ्यात बारीक गाळ सगळ्यात वाईट. दर वर्षी पावसाळ्याआधी नालेसफाईचा जो काळा गाळ काठावर काढून ठेवतात तो सुकला की दिसायला अगदी कसदार दिसतो, काळा, मऊ. तो भाजीला वापरायचा नाही म्हणजे नाही, फुलझाडांनाही मी वापरू देत नाही कारण हाताळणारा माळी माणूसच असतो.

खाडीजवळ अजून एक गोष्ट होते. नदीच्या गोड्या पाण्यात दिवसच्या दिवस तरंगणारी चिकणमाती खाऱ्या पाण्याला भेटली की कण एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात आणि भराभर खाली बसतात. त्यामुळे माहीम, ठाणे, वसई, सगळ्या खाड्यांमध्ये तो पाय रुतवणारा राखाडी-काळा चिखल. बीकेसीत इमारतीचा पाया खोदताना निघतो तो असलाच. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो गंधकाचा, हवा नसताना गंधक लोखंडाशी बांधलेला असतो, उपसून उघड्यावर टाकला की हवेने त्याचं आम्ल बनतं आणि माती चक्क आंबट होते, वर मीठ आहेच. कोकणातल्या लोकांनी खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, बांध घालून, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन तिथेही भात काढला, पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने त्यासाठी पनवेल-१, पनवेल-२ अशा मीठ सोसणाऱ्या जाती काढल्या, पण तो पिढ्यानपिढ्यांचा उद्योग आहे, गच्चीवर करायचा नाही.

हे सगळं सांगायचं कारण, मुंबईत "नदीची माती" म्हणून गाडी येते ती बऱ्याचदा कुठल्यातरी पायाच्या खोदाईतली असते. विकणाऱ्यालाही कधीकधी माहीत नसतं. तेव्हा घेण्याआधी बाटली चाचणी करा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चमचाभर भांडी घासायचं लिक्विड नाही तर मीठ नसलेली कपड्यांची पावडर, पाच मिनिटं जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. दोन मिनिटांत तळाला बसली ती रेती, दोनेक तासांत बसला तो पोयटा, दुसऱ्या दिवशीही वर गढूळ राहिली ती चिकणमाती. रेती जवळपास निम्मी, पोयटा त्याहून थोडा कमी आणि चिकणमाती पाचवा हिस्सा असं काही दिसलं तर माती खरंच छान आहे. वर तेलाचा तवंग आला, शिंपल्यांचे तुकडे निघाले, किंवा हलवूनही लगेच पाणी स्वच्छ झालं (म्हणजे मीठ आहे) तर गाडी परत पाठवा. सॉइल हेल्थ कार्डच्या, म्हणजे सरकारी माती तपासणीच्या, रिपोर्टवर विसंबू नका, त्यात १२ गोष्टी असतात, पीएच, ईसी (मातीतल्या क्षारांचं माप), सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि जस्त-लोह-तांबं-मँगनीज-बोरॉन, पण शिसं आणि कॅडमियम त्यात येत नाही, ती टेस्ट वेगळी मागून करावी लागते आणि तिचे पैसेही वेगळे.

समजा माती खरंच चांगली निघाली. तरी गच्चीवर नको, याची दोन कारणं. पहिलं वजन. चिंब भिजलेली माती घनमीटरला पावणेदोन ते दोन टन भरते, म्हणजे एक फूट उंचीच्या वाफ्याचा चौरस मीटरला पाचशे ते सहाशे किलो भार, आणि माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी आपल्या बांधकामाच्या कोडप्रमाणे धरलेला भार असतो चौरस मीटरला १५० किलो. जुन्या बिल्डिंगची गळती आधीच असते, त्यात हे. स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय सलग वाफा कुठल्याच मातीचा करू नका. दुसरं कारण निचरा. शेतात पोयटा मातीच्या खाली अजून मीटर-दोन मीटर माती असते, ती वरचं पाणी ओढून घेते. कुंडीत खाली काहीच नाही, त्यामुळे तळाच्या चार बोटांत पाणी अडकून राहतं, आणि मुंबईच्या चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, पोयटा वर पापडी धरतो, खाली हवा जात नाही, झाडं पिवळी. त्यापेक्षा आपली पिशवीतली लाल माती बरी, ती गरीब आहे, आम्लधर्मी आहे, पण पाणी सोडते आणि खताची कमतरता आपण भरून काढू शकतो. एक भाग लाल माती, एक भाग गांडूळखत किंवा नीट कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, अर्धा भाग भाताचं तूस, आणि ग्रो बॅगा सगळ्या गच्चीभर न पसरता कठड्याच्या आणि बीमच्या रेषेत ठेवा. गाळाचीच हौस असेल तर मिश्रणात पाचवा हिस्सा घाला, पुरे.

गावचं प्रकरण मात्र वेगळं आहे आणि तिथे मी तुम्हाला मनापासून हो म्हणतो. मुरमाड जमिनीला पाणी आणि अन्नद्रव्य धरायला बारीक कणच नाहीत, आणि तलावात साचलेला गाळ म्हणजे तुमच्याच गावच्या शेतांमधून वर्षानुवर्षं धुऊन गेलेली वरची माती. राज्य सरकारने २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आणली ती याच हिशोबाने. ग्रामपंचायत आणि तहसीलकडून रीतसर परवानगी घ्या, आणि लक्षात ठेवा की परवानगी गाळाची असते, वाळूची नाही.

कुठून उचलायचा हे फार महत्त्वाचं. तलावातसुद्धा नदीसारखीच वर्गवारी होते, ओढा जिथे आत येतो तिथे रेती आणि बांधाच्या बाजूला सगळ्यात बारीक चिकण. तुमच्या मुरमाला बारीक गाळ हवा, म्हणून मधल्या भागापासून बांधाकडचा घ्या, पण बांधाच्या पायथ्याला हात लावायचा नाही. खाली मुरूम लागला की पोकलेन थांबवा, त्यापुढे खणलं तर तलावच गळेल. शेजाऱ्याची जमीन आधीच भारी काळी असेल तर त्याला हा गाळ टाकू नको म्हणून सांगा, फुकट मिळतो म्हणून लोक काळ्यावर काळं टाकतात आणि पावसाळ्यात शेतात वाफसा येत नाही, म्हणजे जमीन मशागतीजोगी सुकत नाही, म्हणून रडतात.

किती टाकायचा त्याचा हिशोब: एक एकरावर एक इंच थर म्हणजे सुमारे ३६ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ट्रॅक्टरची ट्रॉली ब्रासभर धरली तर एका इंचाला ३६ खेपा. मी मुरमाड जमिनीला दोन ते तीन इंच सांगतो, म्हणजे एकरी ७० ते ११० ब्रास. गाळ फुकट असला तरी डिझेल आणि जेसीबी फुकट नाही, त्यामुळे दोन एकर एकदम अंगावर घेऊ नका, अर्धा एकर नीट करा आणि एक हंगाम बघा. उचलायच्या आधी गाळाचा नमुना तपासून ईसी एकच्या खाली आहे ना ते पाहा, गावाचं सांडपाणी तलावात येत असेल तर जास्तच. एप्रिल-मेमध्ये पसरायचा, ढेकळं उन्हात तापू द्यायची, पहिल्या पावसाने ती फुटली की नांगराने आठ-नऊ इंचांपर्यंत खालच्या मुरमात कालवायचा. कालवणं चुकवू नका, वर गाळ आणि खाली मुरूम असे दोन वेगळे थर राहिले तर पाणी मध्येच अडतं आणि मुळं वरच घुटमळतात. पहिल्या वर्षी एकरी चार-पाच ट्रॉल्या शेणखत द्या, कारण पाण्याखाली राहिलेल्या गाळात पिकाला लगेच मिळेल असं नत्र बेताचंच असतं, आणि पहिलं पीक तूर, मूग, हरभरा असलं कडधान्य घ्या. बांधबंदिस्ती मात्र गाळ टाकायच्या आधी करून घ्या, नाहीतर दोन वळवाच्या सरींत तो सगळा परत त्याच तलावात जाऊन बसेल.